दशमीची भाजणी

या, जवळ या. तिकडे दाराशी कशाला टेकता? पुढे सरका, सतरंजी सगळ्यांना पुरेल, पंख्याचा वारा इथवर येतो. आज राजाची गोष्ट नाही, ऋषींची नाही. मोबाइलमधल्या बाजाराची आहे आणि आकाशातल्या चंद्राची. त्या दोघांचं गणित जमलं नाही तेव्हा मधल्या मध्ये कोण सापडलं, ते सांगते. मन लावून ऐका. शेवटी मी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. घाबरू नका, खिशाला हात घालायला लावणारं मागणं नाही ते.

तर, कोलकात्यात डमडमला श्रीकांत आणि सुनीती खांबेटे राहतात. श्रीकांतराव रेल्वेत होते, गार्डन रीचच्या कचेरीत, वेळापत्रकाच्या विभागात. छत्तीस वर्षं माणसानं गाड्यांच्या वेळा जुळवल्या. निवृत्त झाल्यावर पुण्याला परत जायचं ठरलं होतं, पण इथल्या माशांनी नाही तरी इथल्या माणसांनी धरून ठेवलं, आणि राहिले. आणि सुनीतीबाई म्हणजे कीर्तन ऐकायला मिळणार म्हटलं की डमडमवरून दोन बस बदलून मराठी मंडळाच्या हॉलवर सगळ्यात आधी हजर. बुवांनी पूर्वरंगात शिंक दिली तरी ही मान डोलावेल, असं श्रीकांतराव म्हणत.

सुनीतीबाईंच्या हाताला एक गुण होता. उपासाची भाजणी. वरी, साबुदाणा, राजगिरा, जिरं, सगळं वेगवेगळं भाजायचं, प्रत्येकाचा वास बदलला की उतरवायचं, आणि घरच्या घरघंटीवर दळायचं. बाहेरच्या गिरणीत नाही, तिथे गव्हाचं पीठ लागतं. बदली होऊन आलेल्या मराठी घरांना इथे सगळं मिळतं, ही भाजणी मिळत नाही. आधी मैत्रिणींना देत. मग मुलगी मुग्धा म्हणाली, "आई, ऑनलाइन टाक." आणि मोबाइलमधल्या त्या बाजारात सुनीतीबाईंचं दुकान उघडलं. दुकान म्हणजे काय, एक फोटो आणि चार ओळी: "उपासाची भाजणी, ताजी, अर्धा किलो, फक्त दहा पुड्या."

या बाजाराची एक रीत आहे. तुम्ही जिन्नस मांडलात की तो दिवसभर वर दिसतो, मग खाली खाली जातो आणि नाहीसा होतो. पुन्हा हवा तर पुन्हा मांडायचा. सुनीतीबाईंनी ते आपल्या पद्धतीनं बसवून घेतलं होतं. पंचांग बघायचं, दशमी कधी ते पाहायचं, आणि दशमीला पहाटे आंघोळ करून देवापाशी दिवा लावला की सहाच्या ठोक्याला फोन हातात घेऊन मांडणी करायची. दुपारपर्यंत पोचवणारी मुलं पुड्या घेऊन जात. दुसऱ्या दिवशी एकादशी. दोन वर्षं एक दशमी चुकली नाही.

गिऱ्हाइकं बहुतेक मंडळातलीच. फक्त एक नाव अनोळखी होतं: विनीता टिपणीस, बराकपूर. ही बाई दर वेळी पहिली. सहा वाजून एक मिनिटाला तिची एक पुडी ठरलेली. आणि नुसती पुडी घेऊन गप्प बसेल तर ती विनीता कसली! त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी तिचा निरोप यायचाच.

"सुनीतीताई, या खेपेला जिरं अंमळ जास्त भाजलंत. लक्ष कुठे होतं, कीर्तनात?"

"ताई, उद्या स्मार्तांची आहे, भागवतांची परवा. तुम्ही कुठल्या? मी आपली परवाची."

"ताई, आमचे हे म्हणतात, तुझ्या देवाला थालीपीठ आवडतं की तुला? मी म्हटलं, आमच्या दोघांत भांडण लावू नका."

दोघी कधी भेटल्या नव्हत्या. बराकपूर काही लांब नाही, डमडमवरून लोकलनं अर्धा-पाऊण तास. पण "पुढच्या रामनवमीला भेटू", "पुढच्या श्रावणात भेटू" असं करत राहून गेलं. तसं राहतंच, नाही का?

मागच्या दिवाळीआधी मुग्धाचे दिवस भरत आले आणि सुनीतीबाईंना पुण्याला जायचं झालं. बाळंतपण, मग बाळाचं सगळं, म्हणजे सहा महिने तरी. जाताना भाजणीचं काय, हा प्रश्न आला.

"मी करतो," श्रीकांतराव म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला वरी आणि रवा यातला फरक कळतो का?"

"लिहून दे. कुठला जिन्नस किती मिनिटं, सगळं लिहून दे. मी छत्तीस वर्षं काय केलंय?"

सुनीतीबाईंनी दोन डबे भाजणी करून ठेवली, पुढच्यासाठी कागदावर सगळं लिहून तो फ्रिजवर चिकटवला. "आणि दशमीला सहा वाजता मांडायचं बरं का. पंचांग देवघरात आहे."

"बघीन," ते म्हणाले.

त्यांनी पंचांग पाहिलं, एकदाच. कार्तिक शुद्ध दशमी कधी ते पाहिलं आणि मांडायला बसले, तर त्या ॲपमध्ये त्यांना एक छोटीशी खूण दिसली: "पुन्हा पुन्हा आपोआप मांडा". दाबून बघितली. आत चार पर्याय: रोज, दर आठवड्याला, दर पंधरा दिवसांनी, दर महिन्याला. श्रीकांतरावांचा जीव हरखला हो! जन्मभर हेच तर केलं होतं. एकदा वेळ लावली की गाडी आपली आपण सुटणार. पक्ष म्हणजे पंधरा तिथी, तेव्हा दर पंधरा दिवसांनी, सकाळी सहा, दहा पुड्या. बोट टेकलं, झालं. त्यांनी पुण्याला फोन करून सांगितलंसुद्धा, "आता मी विसरलो तरी दशमी विसरणार नाही."

सुनीतीबाईंच्या मांडीवर तेव्हा दोन दिवसांची नात होती. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

वैशाख पौर्णिमा उलटली आणि त्या परत आल्या. घर झाडून पुसून झालं, देवांना आंघोळ घालून झाली, तेव्हा दुकान कसं चाललंय बघू म्हणून फोन उघडला. आणि तिथेच त्या अडकल्या.

"अहो, इकडे या. शेवटची मांडणी किती तारखेला झाली?"

"बरोबर पंधराव्या दिवशी. मिनिटाचा फरक नाही."

"त्या दिवशी त्रयोदशी होती."

"असेल."

"असेल काय? एकादशी होऊन दोन दिवस झाले होते! एकादशीनंतर भाजणी घेऊन लोकांनी काय करायचं?"

श्रीकांतरावांनी चष्मा वर केला. "कोणी तक्रार नाही केली. मंजुषा वहिनी तर म्हणाल्या, बरं झालं, डबा संपतच आला होता."

ते खरंच होतं. मंडळातल्या बायकांच्या भिंतीवर स्वतःची दिनदर्शिका असते. पुडी कधीही आली तरी त्या डब्यात भरतात. कोणाचं काही अडलं नव्हतं. सुनीतीबाई पंचांग मांडीवर घेऊन मागे मागे जात बसल्या. कार्तिकात बरोबर. मार्गशीर्षात बरोबर. पौषात काठावर. संक्रांतीपासून मात्र घसरगुंडी. कारण पंधरा तिथी म्हणजे पंधरा दिवस नव्हेत. तिथी चंद्राची, ती दिवसापेक्षा जराशी आखूड. पंधरा तिथी पुऱ्या व्हायला पावणेपंधरा दिवस लागतात. पाव दिवस पाव दिवस करत चंद्र पुढे निघून गेला आणि श्रीकांतरावांची मांडणी मागून चालत राहिली.

"वेळेवर सुटणारी गाडी आणि स्टेशनच पुढे सरकलेलं!" सुनीतीबाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं असंच केलंत का?"

"आमची स्टेशनं जागच्या जागी असायची," श्रीकांतराव पुटपुटले.

एवढ्यावर हसून विषय संपला असता. पण सुनीतीबाईंनी निरोप उघडले. श्रीकांतरावांनी सहा महिने एकही वाचला नव्हता. विनीताचे निरोप होते. तेराच्या तेरा मांडण्यांना तिची पुडी होती, सहा वाजून एक मिनिट, नाहीतर दोन. पण निरोप! चिमटे नाहीत, थट्टा नाही, "ताई" सुद्धा नाही. प्रत्येक मांडणीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, तेच चार शब्द.

"भाजणी मिळाली. उपास झाला."

सुनीतीबाईंनी तारखा पंचांगाशी लावून पाहिल्या. पहिले पाच उपास एकादशीचे. त्यापुढचे काही द्वादशीचे, काही त्रयोदशीचे. आणि शेवटचा चक्क चतुर्दशीचा.

"अहो, हा उपास कसला?"

"प्रदोष धरला असेल."

"प्रदोष त्रयोदशीला असतो. मग द्वादशीला काय? आणि चतुर्दशीला? शिवरात्र म्हणावी तर ती वद्यात. असा सरकणारा उपास कुठल्या शास्त्रात आहे?"

"डॉक्टरांनी सांगितला असेल. दर पंधरा दिवसांनी पोट रिकामं ठेवा म्हणून."

"डॉक्टर भाजणीचं थालीपीठ खायला सांगतात?"

मला सांगा, तुम्हाला नसतं कुतूहल वाटलं? जी बाई स्मार्त-भागवत फरक पाठ म्हणून दाखवते, ती चतुर्दशीला एकादशीचा फराळ करून "उपास झाला" म्हणते, म्हणजे काय? सुनीतीबाईंना दोन दिवस दुसरं काही सुचेना. वरण उतू गेलं. नातीच्या फोटोकडे बघता बघता मध्येच म्हणायच्या, "पण मग द्वादशीला पारणं सोडून उपास?" निरोप पाठवला, "विनीताताई, बऱ्या आहात ना?" उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीत एक पुडी घातली, पर्समध्ये खिशातलं छोटं पंचांग टाकलं, पुडीच्या पत्त्याचा कागद घेतला आणि म्हणाल्या, "मी बराकपूरला जाऊन येते."

"कशाला? चूक कळली ना? गुपचूप तारीख दुरुस्त करू, कोणाला पत्ता लागणार नाही."

"मला पत्ता लागलाय," त्या म्हणाल्या.

बराकपूरला उतरून टोटोनं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षानं, नदीच्या बाजूला गेलं की एक जुनी तीन मजली इमारत आहे. खाली शिंप्याचं दुकान, वर गॅलऱ्या. पहिल्या मजल्यावर "टिपणीस" अशी मराठी पाटी पाहून सुनीतीबाईंना बरं वाटलं. दार उघडलं ते सत्तरीच्या आतबाहेरच्या एका उंच गृहस्थांनी. बंडी, लुंगी, कपाळावर चष्मा.

"विनीताताई आहेत का? मी सुनीती खांबेटे. डमडमहून आले."

ते बघत राहिले. मग म्हणाले, "भाजणीवाल्या?"

"हो."

"या. आत या." आणि बाजूला सरकून त्यांनी वाट दिली.

आत भिंतीवर फोटो होता. हसऱ्या, गोल चेहऱ्याची बाई, नाकात चमकी. फोटोला हार होता. सुनीतीबाईंची पिशवी हातातच राहिली. दोन वर्षं जिच्याशी बोलल्या, तिचा चेहरा त्या पहिल्यांदा बघत होत्या, आणि तो असा.

"दिवाळीच्या पाडव्याला गेली," ते गृहस्थ म्हणाले. "मी अविनाश. बसा ना. आठवडाभर हॉस्पिटलात होती. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण मला हे कळवणं वगैरे... तिचं ती बघायची सगळं."

मग त्यांनी पाणी आणून दिलं आणि स्वतःच सांगू लागले. एकट्या माणसाला कोणी मराठीतून ऐकणारं भेटलं की जसं होतं तसं. ते एका रंगाच्या कारखान्यात इंजिनियर होते. देवाधर्माचं त्यांना कधी काही नव्हतं. विनीतानं लग्नापासून एकतीस वर्षं एक एकादशी सोडली नव्हती, ते थट्टा करायचे. शेवटच्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "माझ्या वर्षभराच्या एकादश्या तुम्ही करा. वर्षश्राद्धापर्यंत. पुढे तुमची सुटका."

"मी हो म्हटलं. काहीही म्हटलं असतं तेव्हा. पण एकादशी येते कधी, हे मला कुठे ठाऊक? घरात पंचांग तिचं होतं, ते गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याचं, ते पण मला वाचता येत नाही. तिच्या दहाव्याच्या दिवशी सकाळी बसलो होतो. आणि तिचा फोन वाजला."

"कोणाचा आला?"

"तुमचा. म्हणजे भाजणीचा. तुम्ही भाजणी मांडलीत की तिच्या फोनवर चिपळ्या वाजतात. तिनंच लावून ठेवलं होतं. चिपळ्या वाजल्या की ती म्हणायची, उद्या माझा उपास, तुमचं तुम्ही बघा." अविनाशराव हसले. "मला वाटलं, तिनंच हाक मारली. तेव्हापासून आपला हिशेब साधा. चिपळ्या वाजल्या की पुडी मागवायची, दुसऱ्या दिवशी उपास, संध्याकाळी तिच्याच फोनवरून तुम्हाला निरोप. थालीपीठ आधी कोळसा व्हायचं, आता जमतं. मध्यंतरी भाजणीच करपट लागत होती हो. तुमची नव्हती का ती?"

"नाही," सुनीतीबाई म्हणाल्या.

"आता एक विचारू का? तुम्ही जाणत्या आहात. उपासाच्या दिवशी संध्याकाळी मी घाटावर जाऊन बसतो. तीही बसायची. ती म्हणायची, एकादशीचा चंद्र म्हणजे कडेनं थोडी चाखलेली पुरणपोळी. कार्तिकात बरोबर तसाच होता. पण मग दर खेपेला मला तो मोठा दिसायला लागला. एक उपास सोडून बघायचो, कारण मधल्या उपासाला संध्याकाळी चंद्र नसतोच. गेल्या उपासाला तर पाण्यावर अख्खी पोळी. मी विचार करत राहिलो की हा उन्हाळ्यामुळे होतो का काय? कोणाला विचारणार? माझ्या हातून काही चुकत तर नाही ना, सुनीतीताई?"

बघा, आता काय करायचं या बाईनं? मनात श्रीकांतरावांचं वाक्य होतंच: गुपचूप दुरुस्त करू. "नाही हो, सगळं बरोबर आहे," एवढं म्हटलं की माणूस सुखानं झोपला असता. यापुढच्या चिपळ्या बरोबर दिवशी वाजल्या असत्या. पण समोर फोटो होता. आणि फोटोतली बाई जिऱ्याचा एक दाणा जास्त भाजला तर बोलून दाखवणारी होती.

"चुकलं," सुनीतीबाई म्हणाल्या. "तुमचं नाही. आमचं चुकलं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पुणं, नात, आपोआपची मांडणी, पंधरा दिवस, पावणेपंधरा दिवस.

"किती चुकल्या?"

"तेरापैकी आठ."

ते उठले, सुनीतीबाईंचा रिकामा पेला उचलून आत गेले. नळ सुरू झाला तो बराच वेळ सुरूच राहिला. एक पेला धुवायला एवढं पाणी लागत नाही. सुनीतीबाई फोटोकडे बघत बसल्या. कीर्तनात बुवा रडवतात तेव्हा पदर डोळ्याला लावायला लाज वाटत नाही, पण परक्याच्या घरात, आपल्याच चुकीवर, कसं रडायचं?

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. "एकतीस वर्षांत तिची एक चुकली नाही. आणि मी सहा महिन्यांत आठ. काय सांगू मी तिला? मशीननं सांगितलं म्हणून?"

"तुम्ही उपाशी राहिलात ते वाया गेलं, असं मी म्हणणार नाही," सुनीतीबाई हळूच म्हणाल्या. "पण ती एकादशी होती, असंही म्हणवत नाही मला."

"नका म्हणू. तीही म्हणाली नसती." मग त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला असावा. हात पुढे करून म्हणाले, "ते पंचांग आहे ना तुमच्याकडे? दाखवा. मला बघायचंय नक्की कुठे घसरलं."

दोघं खिडकीशी बसले. सुनीतीबाई बोट ठेवून दाखवत गेल्या: ही तिथी, हा वार, ही तिथी इतक्या वाजेपर्यंत, हिचा क्षय झाला, ही दोन दिवस आहे. अविनाशराव एखादा नकाशा वाचावा तसे वाचत होते, मध्येच "अच्छा", मध्येच "थांबा, थांबा". पानं उलटता उलटता ते थबकले.

"इथे छापण्यात चूक झालीय. ज्येष्ठ दोनदा आलाय."

"चूक नाही ती. यंदा अधिक महिना आहे. अधिक ज्येष्ठ आणि मग निज ज्येष्ठ."

"का पण?"

"चंद्राचे बारा महिने होतात तीनशे चोपन्न दिवसांत. सूर्याला वर्षाला तीनशे पासष्ट लागतात. दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात. तसंच सोडलं तर दिवाळी पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण तिसऱ्या वर्षी एक महिना वाढवून देतात."

अविनाशरावांनी चष्मा काढला. बराच वेळ पानाकडे बघत राहिले.

"म्हणजे यांचंही घसरतं?"

"घसरतंच की."

"आणि घसरलं म्हणून चंद्र टाकून देत नाहीत."

"छे! महिना वाढवतात."

"मग माझ्याही वर्षाला अधिक लावा," ते म्हणाले. "आठ एकादश्यांचं. वर्षश्राद्ध झालं की सुटका म्हणाली होती ना, तिथून पुढे मोजा. कार्तिकात दोन..."

"मार्गशीर्षात दोन," सुनीतीबाईंनी बोटांची पेरं मोजली. "पौषात दोन, माघात दोन. माघ वद्य एकादशीला पुऱ्या होतील. पण अविनाशराव, मी मंडळात शब्द टाकते ना. आम्ही आठ जणी एकेक वाटून घेतो, येत्या एकादशीलाच फिटतील."

"नाही ताई. तिनं मला सांगितलं होतं. मंडळाला नाही." आणि फोटोकडे बघून म्हणाले, "चार महिने जास्तीचे मागून घेतले असते, तर तिनं नाही म्हटलं नसतं."

निघताना त्यांनी फक्त एक विचारलं. "पुढची कधी?"

"येत्या मंगळवारी दशमी. बुधवारी एकादशी. मी स्वतः फोन करून सांगेन, दर दशमीला. यंत्रावर नाही सोडणार."

घरी येऊन सुनीतीबाईंनी सगळं सांगितलं तेव्हा श्रीकांतराव खुर्चीत मागे टेकून ऐकत होते. ऐकता ऐकता पुढे झाले. मग उठून फोन घेतला आणि ती आपोआपची मांडणी उघडली. "कायमचं बंद करायचं का?" असं ॲपनं विचारलं. त्यांनी हो दाबलं. मग पंचांग घेऊन आले, चष्मा पुसला, आणि वहीचं नवं पान काढून त्यावर माघापर्यंतच्या दशम्या एकाखाली एक लिहायला बसले. अधिक महिन्यातल्या दोनसुद्धा. प्रत्येकीपुढे वार, तारीख, सहा वाजता.

"फोन मी करणार," ते म्हणाले. "गाडी मी चुकवली, घोषणा मीच करायची."

"आणि उपास?"

"...विचार करतोय."

"साबुदाण्याची खिचडी म्हणजे उपास नव्हे बरं का."

"ठाऊक आहे," ते तुटकपणे म्हणाले.

मंगळवार, वैशाख वद्य दशमी. देवापाशी दिवा लागला होता. भाजणीचा वास घरभर होता. आदल्या दुपारी भाजलेली, प्रत्येक जिन्नस वेगळा, करपट एक दाणा नाही. सहाला दोन मिनिटं कमी असताना श्रीकांतरावांनी बराकपूरला फोन लावला आणि सुनीतीबाईंनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"अविनाशराव, श्रीकांत खांबेटे बोलतोय. वैशाख वद्य दशमी. उद्या एकादशी. भाजणी दुपारपर्यंत पोचेल." मग थोडं थांबून, "आणि... उद्या मीही धरतोय. तुमच्यासाठी नाही, तुम्ही नको म्हणालात. माझी म्हणून."

पलीकडून अविनाशराव म्हणाले, "थालीपीठ मंद आचेवर ठेवा. झाकण घालून. मी शिकलोय आता."

इकडे सुनीतीबाईंनी फोटो नीट केला, पुड्यांचा आकडा दहा लिहिला, मनात हरीचं नाव घेतलं आणि घड्याळात सहा झाले तसं बोट टेकवलं.

एक श्वास गेला असेल नसेल. श्रीकांतरावांच्या फोनमधून, नदीकाठच्या त्या खोलीतून, बारीक पण स्पष्ट, चिपळ्या वाजल्या. वाजून संपेपर्यंत तिघंही ऐकत राहिले.

आता माझं मागणं. पुढच्या दशमीला तुमच्या घरी भाजणीचा डबा उघडाल, तेव्हा त्यात बोटं घालण्याआधी क्षणभर थांबा. आणि बराकपूरच्या विनीता टिपणीसांची आठवण काढा. जिरं अंमळ जास्त भाजलं असेल तर तिला सांगा. ती हसेल.